थरथरीचा अन्वय

गाडीची थरथर हे लक्षण आहे, निदान नव्हे. पण लक्षण ऐकताच निदान सांगून मोकळे होण्याची घाई गाड्यांच्या बाबतीत तेवढीच आढळते जेवढी कवितांच्या बाबतीत. आम्ही दोघे साताऱ्याहून कराडकडे रोज एकाच जुन्या गाडीने शिकवायला जातो. वेग घेताना ती थरथरू लागली तेव्हा कुणी चारही टायर बदलायला सांगितले, कुणी इंजिन उघडायला. दोन्ही सल्ले प्राध्यापकी खिशाला जड होते. आम्ही आधी एवढेच पाहायचे ठरवले, की ती थरथरते नेमकी केव्हा?

न्यायशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडी आहे : कारण असता कार्य असणे, कारण नसता कार्य नसणे. हीच कसोटी आम्ही महामार्गावर लावली. ताशी ७० किलोमीटर वेगाला ॲक्सिलरेटर दाबला की थरथर सुरू होई. पाय उचलला की वेग जवळजवळ तोच असूनही ती थांबे. चाकांचे बॅलन्सिंग बिघडले असते तर थरथर वेगाशी बांधलेली राहिली असती. पाय उचलल्याबरोबर गेली नसती. मग त्याच वेगाला चौथ्याऐवजी पाचवा गिअर टाकला. इंजिनच्या फेऱ्या कमी झाल्या, पण थरथरीचा ताल बदलला नाही. म्हणजे दोष गिअरबॉक्सच्या पुढे, चाकाकडे जोर वाहून नेणाऱ्या ॲक्सलमध्ये असण्याचा संभव अधिक.

मेकॅनिकला आम्ही निदान सांगितले नाही, फक्त ही निरीक्षणे सांगितली. त्यांनी गाडी रॅम्पवर चढवली. ॲक्सलच्या गिअरबॉक्सकडील जॉइंटचे रबरी बूट फाटले होते. ग्रीस बाहेर उडाले होते, धूळ आत शिरली होती आणि जॉइंट हाताने हलत होता. बाहेरचा जॉइंट झिजला तर वळताना कटकट ऐकू येते. आतला झिजला तर जोर घेताना गाडी थरथरते, हा भेद त्यांनीच समजावला. असा जॉइंट भर रहदारीत निखळला तर इंजिन चालू असूनही गाडी जागची हलत नाही, हेही. बूट वेळीच बदलले असते तर जॉइंट वाचू शकतो. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला ते पाहून घ्यावे.

कवितेचा अर्थ विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही हल्ली उलट विचारतो : ही ओळ कोण, कुणाला, केव्हा म्हणते? संदर्भ बदलून पाहा. जे बदलत नाही, तिथे हात घाला.