आम्ही तर डुक्कर खात नाही!

तळोज्याला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या सात वर्षांच्या मुलाची डावी पापणी सुजली होती. महिनाभर डोळ्यात थेंब घालून झाले. मग त्याला एकाचे दोन दिसू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत पाण्याची छोटी गाठ होती आणि तिच्यात एक चमकता ठिपका. तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं. आजार सिस्टीसर्कोसिस, डुकराच्या टेपवर्मची अळी. हे ऐकताच बाजी उसळली, "डॉक्टरसाहेब, आम्ही मुसलमान आहोत. आम्ही तर डुक्कर खात नाही!"

डॉक्टरांना हे वाक्य नवं नव्हतं. शाकाहारी जैन आईबापही हेच म्हणतात.

खरी गोष्ट अशी. डुकराचं अर्धकच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा कृमी वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. सांडपाण्यावर वाढलेली पालेभाजी, दूषित पाणी किंवा न धुतलेले हात यांतून ती ज्याच्या पोटात जातील, त्याच्या मेंदूत, स्नायूंत किंवा डोळ्यात अळीची गाठ होते. खातो एक, भोगतो दुसरा. न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यूंनाही डुक्कर निषिद्ध. तरी त्यांच्यात मेंदूच्या सिस्टीसर्कोसिसचे चार रुग्ण आढळल्याचं १९९२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

इकडे सासरी मात्र कुजबुज सुरू झाली. मुलाचा बाप कंपनीच्या कँटीनमध्ये जेवतो, काय खातो कोण जाणे! लाजेपायी बाजी रिपोर्ट लपवू लागली. मेंदूचा एमआरआय तिने दोन आठवडे लांबवला. तो आधी करणं गरजेचं असतं, कारण औषधाने अळी मरताना सूज वाढते. मेंदूत किंवा बुबुळामागे गाठ असेल, तर उपचार बदलतात. सुदैवाने मेंदू स्वच्छ निघाला. अल्बेंडाझोल आणि सोबत स्टेरॉइड, डॉक्टरांच्या देखरेखीखाली चार आठवडे चाललं. गाठ विरली.

मुलाची पापणी सुजून उतरत नसेल, डोळा पुढे आल्यासारखा वाटत असेल, एका बाजूला वळत नसेल, तर थेंबांवर महिने घालवू नका. सोनोग्राफीबद्दल विचारा. घरातल्या सगळ्यांची शौचतपासणी करून घ्या. त्यात कुणाचीही बदनामी नाही. आपण ताटातलं हलाल-हराम बारकाईने पाहतो. ताटावरची कोथिंबीर कुठल्या पाण्यावर वाढली, हेही तितक्याच बारकाईने पाहायला हवं.