वगळलेले रुग्ण

छातीत पू झालेल्या रुग्णाला नळी टाकली की पहिल्या दिवशी सगळ्यांनाच बरं वाटतं. बाटलीत पू उतरतो, दम कमी होतो, नातेवाईक चहा प्यायला खाली जातात. मग तीन-चार दिवसांनी नळीतून येणं थांबतं, पण ताप उतरत नाही. सोनोग्राफीत दिसतं की आत फायब्रिनचे पडदे तयार झालेत आणि पू लहान लहान कप्प्यांत अडकलाय. अशा वेळी शस्त्रक्रिया करून छाती साफ करावी लागते. मराठवाड्यातल्या ज्या सरकारी कॉलेजात मी एमडी करत होते तिथे छातीचा सर्जन नव्हता. शस्त्रक्रिया म्हणजे पुणे किंवा मुंबई, आणि आमच्या बहुतेक रुग्णांना ते झेपणारं नव्हतं. म्हणून थीसिससाठी मी स्ट्रेप्टोकायनेज निवडलं. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं हे औषध नळीतून छातीत सोडायचं, म्हणजे पडदे विरघळतील आणि पू वाहून येईल. कल्पना माझी नव्हती, पण माझा तिच्यावर पूर्ण विश्वास होता.

त्या विश्वासातूनच पहिली चूक झाली. औषधाआधीच्या चोवीस तासांत बाटलीत किती मिलिलिटर आलं आणि औषधानंतर किती, एवढंच मी मोजलं. जोडीला एक्स-रे. तुलनेसाठी दुसरा गट ठेवलाच नाही. गाइडनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "सर, ज्याला गरज आहे त्याला औषध न देणं बरोबर नाही." हे मी मनापासून म्हणाले होते. पण औषध उपयोगी पडतं की नाही, हाच तर माझ्या थीसिसचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मी सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं.

आकडे फार छान आले. जवळजवळ प्रत्येकाची बाटली भरली. एका परिषदेत मी निबंध वाचला, लोकांनी डोस विचारून घेतला, आपापल्या वहीत उतरवून घेतला.

मार्च २००५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ब्रिटनमधली 'मिस्ट-१' ही चाचणी छापून आली. बावन्न रुग्णालयं, ४५४ रुग्ण. काहींना स्ट्रेप्टोकायनेज, काहींना हुबेहूब तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण. कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. त्यांचा प्रश्न सरळ होता: तीन महिन्यांत किती जण दगावले किंवा किती जणांना शस्त्रक्रिया करावी लागली? औषध मिळालेल्यांत ३१ टक्के, न मिळालेल्यांत २७ टक्के. म्हणजे फायदा काहीच नाही. उलट गंभीर दुष्परिणाम औषधाच्या गटात थोडे जास्त दिसले.

जर्नल क्लबमध्ये मी तावातावाने भांडले. त्यांचे रुग्ण वेगळे आहेत, आपल्याकडे टीबीचा पू असतो, आपले लोक आठवडे उलटल्यावर येतात, असं सगळं म्हणाले. यातला शब्द न् शब्द खरा होता आणि आजही आहे. पण आपले रुग्ण वेगळे आहेत एवढ्याने औषध आपल्याकडे चालतं असं सिद्ध होत नाही. माझ्याजवळ त्यासाठी काहीच नव्हतं, फक्त बाटलीतले मिलिलिटर होते. तेही फसवे निघाले. स्ट्रेप्टोकायनेजमुळे फुफ्फुसावरचं आवरणच जास्त पाझरतं, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं होतं. मी ज्याला यश म्हणून मोजत होते त्यातला काही भाग औषधानेच तयार केलेला होता. पू अडकला होता तिथेच राहत होता.

त्यानंतर मी थीसिसचा मास्टर चार्ट काढला. किती जण दगावले, किती जणांची शस्त्रक्रिया झाली, हे मागे जाऊन शोधावं असं ठरवलं. तेव्हा पद्धतीच्या प्रकरणातलं माझंच एक वाक्य समोर आलं: 'उपचार अर्धवट सोडलेले रुग्ण विश्लेषणातून वगळले आहेत.' वॉर्डात आम्ही याला 'डामा घेतला' म्हणतो, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर घरी गेला. अशी नावं थोडीथोडकी नव्हती. लिहिताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ज्याने उपचार पूर्णच घेतले नाहीत तो औषधाबद्दल काय सांगणार, असं मी धरून चालले होते.

टीबी कार्यक्रमातल्या आमच्या हेल्थ व्हिजिटरना मी या वगळलेल्या रुग्णांचे पत्ते दिले. बरेच पत्ते निरुपयोगी निघाले. एका वस्तीवरच्या ऊसतोड मजुराचं घर सापडलं, तिथे मी त्यांच्याबरोबर गेले. तो घरी आल्यावर महिन्याच्या आतच गेला होता. त्याच्या बायकोने मला ओळखलं. ती म्हणाली, "बाटलीत लई पाणी यायचं बाई, पर ताप काय हटला न्हाई." मग घरी का नेलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुमची चिठ्ठी आणायला पैसं कुटून आणावं?"

मला कळायला क्षणभर वेळ लागला. रुग्णालयाच्या साठ्यातलं स्ट्रेप्टोकायनेज हृदयविकाराच्या रुग्णांसाठी राखलेलं असायचं. त्यामुळे माझ्या थीसिसचं औषध नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून विकत आणायचं, अशी चिठ्ठी मीच लिहून द्यायची. तेव्हा आमच्याकडे अर्धी औषधं चिठ्ठीवरच यायची, म्हणून त्यात मला काही खटकलं नाही. पहिल्या डोससाठी त्यांनी शेळी विकली होती, पुढच्यासाठी मुकादमाकडून उचल घेतली होती. तेही संपल्यावर नळी काढून घेऊन ते निघून गेले. मी ज्यांना 'अर्धवट सोडलेले' लिहिलं त्यांच्यातल्या कितीजणांना माझ्या औषधाच्या खर्चानेच घरी पाठवलं, हे आता सांगता येणार नाही. पण बरे झालेले माझ्या तक्त्यात राहिले आणि हे बाहेर गेले, एवढं नक्की.

संमतीपत्र घेतलं होतं. मराठीतच होतं, अंगठाही होता. पण अंगठा घेताना मी म्हणाले होते, "या औषधाने नळी मोकळी होईल, गुण येईल." हे संशोधन आहे, याचा उपयोग होईल की नाही हे आम्हालाही माहीत नाही, नाही म्हटलंत तरी बाकीचे उपचार तसेच चालू राहतील, यातलं एकही वाक्य मी उच्चारलं नव्हतं. आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं २००० सालीच आलेली होती. संशोधनात भाग घेणाऱ्याला झालेला खर्च भरून द्यावा असं त्यात आहे. ती पुस्तिका मी वाचलेली नव्हती. माझ्याबरोबरच्या कुणी वाचली होती असंही मला आठवत नाही, पण चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या.

आणखी एक गोष्ट मला जास्त छळते. बाटली भरतेय म्हणून मी वाट पाहत राहिले, आणि त्या वाट पाहण्यात शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली. सुरुवातीला पडदे मऊ असतात, दुर्बिणीतून साफ करता येतात. पुढे फुफ्फुसावर जाड साल धरते, फुफ्फुस फुगत नाही आणि छाती उघडून ती साल सोलावी लागते, म्हणजे डिकॉर्टिकेशन. एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला मी असंच उशिरा पुण्याला पाठवलं. तो वाचला. सर्जननी मला फोन करून एवढंच विचारलं, "मॅडम, दोन आठवडे तिथे काय करत होतात?" मी सांगितलं, "स्ट्रेप्टोकायनेज देत होते." ते पुढे काही बोलले नाहीत.

२०११ साली 'मिस्ट-२' आली तेव्हा मी ती दोनदा वाचली. पुवात फक्त फायब्रिन नसतं. मेलेल्या पेशींचा डीएनए सुटून त्याचाही चिकट गोळा झालेला असतो. म्हणून त्यांनी फायब्रिन तोडणारं टीपीए आणि डीएनए तोडणारं डीएनेज अशी दोन औषधं एकत्र दिली. २१० रुग्णांच्या त्या चाचणीत एकटं टीपीए उपयोगी पडलं नाही, एकट्या डीएनेजने तर शस्त्रक्रियेसाठी पाठवावे लागणारे वाढले. दोन्ही मिळून दिल्यावर मात्र असे रुग्ण फक्त ४ टक्के राहिले, नुसतं द्रावण मिळालेल्यांत ते १६ टक्के होते. आणि १९४९ मध्ये टिलेट आणि शेरी यांनी छातीत पहिल्यांदा स्ट्रेप्टोकायनेज सोडलं तेव्हा त्यांच्या औषधात डीएनए तोडणारं स्ट्रेप्टोडॉर्नेजही मिसळलेलं होतं. पुढे औषध शुद्ध होत गेलं आणि तो भाग बाजूला पडला. ते जुने लेख माझ्या संदर्भसूचीत होते. मी त्यांचे फक्त सारांश वाचले होते.

थीसिसची प्रत अजून कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. तिला जोडण्यासाठी मी एक पान लिहून दिलं: किती रुग्ण वगळले, सापडलेल्यांचं काय झालं, औषधाचा खर्च कुणी केला. ग्रंथपालांनी ते शेवटी चिकटवलं. परिषदेतल्या निबंधाचं तसं काही करता आलं नाही. तो ऐकून ज्यांनी आपल्या वॉर्डात हे औषध सुरू केलं त्यांच्यातले ओळखीचे होते त्यांना मी फोन केले. डोस वहीत उतरवून घेणारे बाकीचे कोण होते, कुठल्या गावचे होते, हे मी तेव्हा विचारून ठेवलं नव्हतं.