चारशे पत्त्यांचा डाव

होस्टेलात पत्ते दिसले की आजही रेक्टरच्या कपाळाला आठ्या पडतात. आमच्या वेळी मात्र पत्त्यांचा गठ्ठा घेऊन हिंडणारं पोरगं हुशार समजलं जायचं. ती पंच कार्डं असायची!

१९७७ ची गोष्ट. मी नांदेडचा, रूम पार्टनर लातूरकडचा. दोघंही मुंबईला सिव्हिलला. १९७२ च्या दुष्काळानंतर त्याच्या वडिलांनी बैलजोडी विकून त्याला शिकायला धाडलेलं.

कार्ड म्हणजे साधारण साडेसात इंच लांब, सव्वातीन इंच रुंद जाड कागद. ८० कॉलम, १२ ओळी. अक्षर म्हणजे भोकं, आणि एका कार्डावर प्रोग्रामची एकच ओळ. फोरट्रानचा मजकूर ७ ते ७२ कॉलमात. ७३ ते ८० कडे कंपायलर बघायचाच नाही. तिथं कार्डांचे क्रमांक टाका, असं सर सांगायचे. टाकतो कोण? (पुढं कित्येक वर्षं कॉम्प्युटरच्या पडद्यावर ८० च अक्षरं मावायची, ती या कार्डाचीच कृपा.) सुट्टीत एक कार्ड घरी नेलं, तर दादा म्हणाले, "कोणत्या यष्टीचं तिकीट हाय हे? कंडक्टरला दुसरं काम नव्हतं का?"

कॉम्प्युटर एसीत, आम्ही बाहेर घामाघूम. गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा, दुसऱ्या दिवशी प्रिंटआउट घ्यायचा. उत्सुकतेनं उघडावा तर काय, एक स्वल्पविराम राहिलाय! की पुन्हा एक दिवस. त्यात पावसाळा. दमट कार्डं फुगायची, रीडरमध्ये अडकायची. आमचे हे महाशय स्वतः भिजायचे, पण कार्डांना प्लास्टिकची पिशवी.

प्रोजेक्टला दोन दिवस उरले होते. जिन्यावर पाय घसरला अन् चारशे कार्डं खाली! गडी पायरीवरच बसला. "मेलो रं! बैल गेले, आता कार्डंबी गेली." कुणालाच हसू येईना.

तेवढ्यात मला कार्डांच्या कडेवर शाईचे ठिपके दिसले. आदल्या रात्री एका सीनियरनं गठ्ठ्याच्या कडेवर मार्करनं तिरकी रेघ ओढून ठेवली होती. पहिल्या कार्डावर खूण डावीकडं, शेवटच्यावर उजवीकडं. ठिपके सरकत्या क्रमानं लावले की गठ्ठा जसाच्या तसा. मेसच्या टेबलांवर चौघं रात्री दोनपर्यंत बसलो. मेसवाले मामा दोनदा येऊन गेले. "जुगार खेळायलाव का रे? बंद करा, नाहीतर रेक्टरला सांगतो."

प्रोग्राम चालला. बीमचं डिफ्लेक्शन हाताने काढलेल्या उत्तराशी जुळलं. गडी पास झाला, पाटबंधारे खात्यात लागला, आणि पहिल्या वर्षीच वडिलांना खिल्लारी जोडी घेऊन दिली.

कार्डं त्यानं फेकली नाहीत. आईनं ती किराणाच्या याद्यांना वापरली. मी गावाकडं गेलो तेव्हा एक खुंटीला अडकवलेलं होतं: पुढच्या बाजूला डू लूप, मागं 'गूळ दोन किलो, शेंगदाणे, चहापत्ती'.