किडीला नको, घराला हवी

चवळीच्या शेंगांचा तोडा दर तीन-चार दिवसांनी येतो. दहा-वीस गुंठ्यांत भाजी करणाऱ्याला तो चुकवून चालत नाही. शेंग जून झाली की बाजारात तिला कुणी विचारत नाही. फवारणीनंतर थांबायची मुदत मात्र बऱ्याच औषधांची याहून लांब. मग आज फवारणी, परवा तोडा असं होऊन बसतं. हा पेच बियाण्यातच सुटावा, म्हणून आम्ही पैदासकार किडीच्या मागे लागतो.

मागे लागतो म्हणजे तिला पाळतो. माझ्या चाचणीच्या वाफ्यात फवारणी बंद. दर चार-पाच ओळींनंतर हमखास बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ लावायची आणि तिच्यावरचा काळा मावा शेजारी पसरू द्यायचा. माव्याच्या माद्या नराशिवायच पिल्लं देतात. बघता बघता शेंडे काळेकुट्ट, पानं चिकट, मुंग्यांची वर्दळ. बघायला आलेला शेतकरी हळहळतो. मी त्यात एखादा स्वच्छ शेंडा शोधत असते.

तो सापडला की संकर. उद्या उमलणारी कळी संध्याकाळी चिमट्यानं उघडायची, दहाही पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग कुक्षीला लावून खुणेचा दोरा बांधायचा. नायजेरियात इबादानच्या संशोधन संस्थेत जमवलेल्या काही चवळ्यांत माव्याचा प्रतिकार एकाच प्रभावी जनुकावर चालतो. निवडीला सोपं, पण एकाच कुलपाची किल्ली माव्याच्या नव्या प्रकारालाही सापडते.

शेंग पोखरणारी मारुका अळी त्याहून चिवट. तिला पुरून उरणारा प्रतिकार लागवडीच्या चवळीत मिळाला नाही. व्हिग्ना व्हेक्सिलाटा या रानटी भाऊबंदात मिळाला, तर त्याचा चवळीशी संकर जुळेना. शेवटी २०१९ मध्ये नायजेरियानं जिवाणूचं जनुक घातलेल्या चवळीला मान्यता दिली. ती मात्र दाण्याची.

भाजीच्या चवळीत खरी परीक्षा स्वयंपाकघरात. दाटलेली लव, जाड साल, कडवटपणा: अळीला जे नको, ते खाणाऱ्यालाही नको. दाण्याच्या चवळीची टरफलं टाकता येतात, इथे शेंग सालीसकट पोटात जाते. म्हणून मी प्रत्येक शेंग मोडून बघते. कट्‌कन मोडली पाहिजे, दोरा निघता कामा नये. कीड नाही पण दोरा आहे, असं झाड बाद. थोडा मावा अंगावर घेऊनही कोवळे तोडे देत राहणारं झाड ठेवते. चवळी स्वपरागी, त्यामुळे तिचं बी शेतकरी घरी राखू शकतो. राखेल की नाही, ते ताटातली भाजी ठरवते.