माकणीच्या पाण्यावर नावेचा वेग

पावसाळा सरत आला की लोहारा तालुक्यातल्या माकणीला एकदा जाऊन या. निम्न तेरणा प्रकल्पाचे हे धरण. भरल्या साली भिंतीवर उभे राहिलात, तर आपण दुष्काळी मुलखात आहोत हे घटकाभर विसरून जाल. मात्र पाण्याखाली काय आहे, ते भिंतीवरून कळत नाही; त्यासाठी नावेतच बसावे लागते.

मी बसलो ती मासेमारीची चपटी पत्र्याची नाव होती. लांबी 16 फूट, मागच्या फळीला 5 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन अडकवलेले. नावाडी मामा वैतागलेले. "साहेब, इंजिन नुसतं बोंबलतंय, नाव काय फुडं सरकत न्हाई. आता धा एचपीचं घ्यावं म्हणतो." त्यासाठी दोन शेळ्या विकायचा बेतही ठरला होता. मी म्हटले, "मामा, शेळ्या राहू द्या. आधी नाव बघू."

तुम्ही नांगर धरला असेल तर पुढची गोष्ट लगेच ध्यानात येईल. फाळ वाजवीपेक्षा खोल गेला की बैल घामाघूम होतात आणि काम पुढे सरकत नाही. इंजिनाचेही तसेच. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती नावेच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली असावी. मामांची पट्टी चांगली चार इंच खाली होती, म्हणजे इंजिनाचा दांडाच पाणी अडवीत होता. फळीवर लाकडाची जाड पाटी पक्की बसवून आम्ही इंजिन वर घेतले. फार वर घेऊनही चालत नाही बरे का! पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळते आणि नाव जागच्या जागी.

मग वजन. मामा मागे, पेट्रोलचा डबा मागे, जाळी मागे, बर्फाची पेटीही मागेच. नावेचे नाक वर आणि बूड पाण्यात रुतलेले, अगदी उलाळ झालेल्या गाडीसारखे. डबा आणि पेटी मधे-पुढे सरकवली. तळात चारेक घागरी पाणी साचले होते. तेवढे पाणी म्हणजे एक माणूस फुकट वाहून नेणे. ते उपसले, तळाचे शेवाळ खरवडले. इंजिनाचा कल ठरवायला भोके आणि खीळ असते. नाव चालत असताना दांडा पाण्यात उभा राहील असे भोक निवडले.

पंख्यामागे नायलॉनचा दोरा गुंडाळलेला निघाला. हे जाळ्याचे दोरे फार वाईट. दोरा आतले सील कापतो, गिअरच्या तेलात पाणी शिरते आणि तेल दुधाळ होते. महिन्यातून एकदा पंखा काढून पाहावा.

आता मोठ्या इंजिनाचे. नाव पाणी कापत चालते तोवर तिच्या लांबीवरून वेगाची मर्यादा ठरते. 16 फुटी नावेला ती ताशी जेमतेम 10 किलोमीटर. त्यापुढे नाव स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते. ती लाट ओलांडून पाण्यावर घसरत जायची, तर नाव हलकी हवी. भरल्या नावेला मोठे इंजिन लावले तर नाक आणखी वर येते आणि पेट्रोल तेवढे जळते. 1909 साली ओले एव्हिनरूड या अमेरिकेतल्या कारागिराने असे इंजिन बनवले, ते दीड अश्वशक्तीचेच होते!

शिवाय या पाण्याखाली कुणाची तरी शेते आहेत. बुडालेल्या बाभळींची खोडे, विहिरींचे कठडे चैत्र-वैशाखात पाणी उतरले की हातभर खाली येऊन थांबतात. म्हणून इंजिन पुढे जाताना दोरीने खाली जखडू नका. खोडाला लागले तर ते आपोआप वर उचलले गेले पाहिजे. काठाजवळ तर वेगाचा विचारच सोडा.

सप्टेंबर 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यात परंडा-भूमकडे पुराच्या पाण्यातून माणसे नावांनी काढावी लागली. तशी वेळ आपल्यावर आली, तर नावेत चढणारा माणूस भीतीने मागे, इंजिनापाशी गर्दी करतो. नावाड्याने सांगण्याआधी तुम्ही मधे, खाली तळाला बसा. लहानांना आधी, तरंगणारे जाकीट घालून. पाचजणांच्या नावेत आठजण बसले तर ओढीच्या पाण्यात ती धड पुढेही जात नाही आणि वळतही नाही.

सगळे झाल्यावर आम्ही घड्याळ लावून पाहिले. पलीकडच्या काठाला जायला सकाळी 12 मिनिटे लागली होती, आता 9 लागली. वारा तोच होता. मामा काही बोलले नाहीत. परतताना इंजिन बंद करून त्यांनी मला पाण्यातला एक काळा ठिपका दाखवला. "ती आमची हीर," म्हणाले, आणि वल्ह्याने नाव तिला वळसा घालून नेली.