चुन्याची डबी

परवा नातवाच्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि "आमच्या वेळी असली व्यसनं नव्हती" असं ऐकवत होतो. आतून ही म्हणाली, "आणि तुमची चुन्याची डबी?"

गप्प बसलो.

तर मंडळी, कबुली देऊन टाकतो. पाथर्डी तालुक्यात मास्तरकी केली आणि त्यातली बरीच वर्षं खिशात चंची होती. वर्गात व्यसनमुक्तीवर निबंध लिहून घ्यायचा आणि तास संपला की शाळेमागच्या लिंबाखाली तंबाखू मळायची! पोरांना सगळं माहीत असायचं. आमच्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. त्या बायांच्या मिश्रीला, गड्यांच्या तंबाखूला मी नावं ठेवायचो. पहाटेच्या थंडीत मोळ्या वाहणाऱ्याला भूक मारायला ती लागत असेल. मला कशाला लागत होती?

निवृत्तीनंतर दातांच्या डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला, तेव्हा सुटली. मनोनिग्रह वगैरे काही नाही, भीती.

हल्ली डोपामीन हा शब्द फार ऐकू येतो. माझी समजूत होती की हे सुखाचं रसायन. पण वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाचे माकडांवरचे प्रयोग वाचले. आधी फळाचा रस तोंडात पडला की माकडाच्या मेंदूतल्या डोपामीनच्या पेशी चेतायच्या. रसाआधी दिवा लागतो हे त्याला कळल्यावर मात्र त्या दिवा लागताच चेतू लागल्या. रस आला तर विशेष काही नाही, नाही आला तर त्या मंदावायच्या. म्हणजे ते सुखापेक्षा सुखाच्या चाहुलीचं रसायन!

वाचताना डबीच्या झाकणाचा 'टिक्' आवाजच आठवला. खरी गंमत त्या आवाजात असायची. बार भरल्यावर पाच मिनिटांत पुन्हा तेच रिकामपण.

मोबाईलचं 'टिंग' त्याचंच भावंड. दहा वेळा उघडावं तर नऊ वेळा गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. पण दहाव्यांदा परदेशातल्या नातीचा फोटो येतो. मिळेल की नाही याची खात्री नसली की ओढ जास्तच टिकते. मटक्यावाल्यांना हे शास्त्रज्ञांच्या आधी कळलं होतं.

पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचटांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या आधाराने. तेव्हा काळजी होती गर्दची. आता तिथे मोबाईलपायीही लोक येतात. अवचटांना स्वतःला लाकूड कोरायचा, कागदाच्या घड्यांचा, बासरीचा नाद होता. आपल्या भाषेत छंदालाही नाद म्हणतात आणि व्यसनालाही. असो.

सांगायचं होतं ते वेगळंच. गेल्या पावसाळ्यात ही न्हाणीघरात घसरून पडली. दोनदा हाक मारली म्हणे. मी पलीकडच्या खोलीत कानात बोंडं घालून जुन्या क्रिकेट सामन्यांचे तुकडे बघत होतो, एक संपला की दुसरा. तिसरी हाक शेजारणीने ऐकली, माझ्या आधी. मनगट मोडलं होतं. हिने त्याबद्दल मला आजवर एक शब्द बोललेला नाही. परवाही ती डबीवरच थांबली, नातवासमोर.

प्लास्टर होतं तोवर भाकरी माझ्याकडे आली. इतकी वर्षं तंबाखू मळलेल्या हातांना बाजरीचं पीठ मळता येईना. पहिले आठ दिवस भाकरीला चिरा, कडा फाटलेल्या. शेजारणीकडून दोन यायच्या म्हणून निभावलं. आता प्लास्टर निघालंय, पण संध्याकाळच्या भाकरी मीच करतो. मोबाईल तेवढा वेळ फडताळात असतो. मध्येच 'टिंग' वाजतं. लक्ष जातंच, खोटं कशाला बोलू. पण हात पिठात असतात, आणि ही पाटावर बसून तव्याकडे बघत असते.

"अहो, उलटा ती. करपतेय."