शेजारच्या गॅरेजातली पिकअप

मैत्रिणींनो, अमेरिकेत लेकीकडे गेलात, तर शेजारच्या गॅरेजातही डोकावा बरं का! आयोवाच्या मक्याच्या मुलखात आमच्या शेजारीणबाई वडिलांची १९५० सालची शेवरोले पिकअप घरीच दुरुस्त करीत होत्या. नट-बोल्ट बरण्यांत, वर चिठ्ठ्या, अगदी आपल्या मसाल्यांसारख्या! मागच्या हौद्याच्या लाकडी फळ्या कुजलेल्या, पत्र्याला गंज. मी म्हटलं, “आधी रंग द्या की!”

“छे, आधी ब्रेक! चारी चाकांच्या ब्रेकचं तेल एकाच पंपातून येतं. एक नळी फुटली, की सगळेच ब्रेक गेले.”

दारावरचं वडिलांचं पुसट नाव मात्र रंगाखाली झाकायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय. घराची डागडुजी काढाल, तेव्हा हाच क्रम ठेवा. आधी जिवाची काळजी, मग रंगरंगोटी. आणि आठवणीला हात लावायचा नाही!